आरव्ही विमानांचे ब्रेक: सील बदलायचे की सगळा संचच?

विमान टॅक्सी करून, म्हणजे जमिनीवरून चालवत, हँगरला परतलात आणि चाकाच्या फेअरिंगखाली (चाकावरच्या आवरणाखाली) लाल थेंब दिसले, की पहिल्यांदा नवा ब्रेक संच मागवावासा वाटतो. जरा थांबा. आरव्ही-७ए किंवा आरव्ही-९एसारख्या, किट आणून घरी बांधलेल्या विमानांवर बहुधा क्लीव्हलँड कंपनीचे ब्रेक असतात आणि ते मुळात वाईट नाहीत. त्यांचा घात करते ती उष्णता. या विमानांचं पुढचं चाक नुसतं मोकळं फिरतं. त्यामुळे बाजूचा वारा असला की सरळ जाण्यासाठी एकाच बाजूचा ब्रेक दाबत राहावं लागतं, आणि फेअरिंगच्या आत तो थंड व्हायलाही वाव नसतो.

आता खरी तुलना. ब्रेकमधलं सील म्हणजे रबराची गोल कडी, ओ-रिंग. साध्या नायट्राइल रबराची ओ-रिंग साधारण १३५ अंश सेल्सिअसपर्यंत टिकते. पुढे ती कडक होऊन गळू लागते. ब्रेकच्या आत नेहमीचं लाल ५६०६ हायड्रॉलिक तेल असेल, तर त्याची वाफ पेटायला १०० अंशांच्या आसपासचं तापमान पुरतं. तापलेल्या डिस्कवर ते गळलं तर फेअरिंगसकट चाक पेटू शकतं. व्हायटॉन या दुसऱ्या रबराची रिंग २०० अंशांपर्यंत तग धरते आणि ८३२८२ हे तेलही २०० अंशांपर्यंत सहजी पेटत नाही. खर्च मोजक्या डॉलरचा आणि एका दुपारचा. एकच उणीव: कडाक्याच्या थंडीत व्हायटॉन ताठरतं. कॅनडातल्या हिवाळ्यात उणे २५ अंशांत उडणाऱ्याने नायट्राइलच ठेवावी, तेल मात्र बदलावं. दोन्ही तेलं एकमेकांत चालतात, पण जुनं उरलं तर नव्याचा फायदा घटतो, म्हणून पूर्ण काढा. गाडीचं ब्रेक ऑइल कधीही घालू नका. ते नायट्राइल फुगवून खराब करतं.

बेरिंजर किंवा मॅटको या दुसऱ्या कंपन्यांचा पूर्ण संच घ्यायचा तर खर्च कितीतरी पटींनी वाढतो. बेरिंजरच्या चाकात ट्यूब नसते, हा मोठाच फायदा. पण ब्रेक चिकटत असेल, तर दोष दुसरीकडेही असू शकतो आणि मग नवा संचही तसाच तापेल. म्हणून आधी चाक जॅकवर घ्या, पेडल दाबून सोडा, हाताने फिरवून पाहा. अडकलं तर कॅलिपरचा (डिस्कला पकडणाऱ्या भागाचा) ब्लीडर, म्हणजे तेल-हवा बाहेर सोडायचा स्क्रू, किंचित उघडा. चाक मोकळं झालं तर दाब वर कोंडलेला आहे: बहुतेक वेळा पेडल पूर्ण मागे येत नसतं आणि मास्टर सिलिंडरला (पेडल दाबलं की तेलावर दाब देणाऱ्या सिलिंडरला) परतीची स्प्रिंग लावली की काम होतं. मोकळं झालं नाही, तर कॅलिपरच्या पिना गंजल्या असतील. साफ करून कोरडं वंगण लावा, ग्रीस नको. त्यावर धूळ बसते.

पेडल नुसतं मऊ लागत असेल तर आत हवा आहे. तेल कॅलिपरकडून वर ढकला, बुडबुडे आपोआप वर येतात.

एवढं करूनही लांब टॅक्सीनंतर ब्रेक ढिला पडत असेल, डिस्क किमान जाडीच्या खाली गेली असेल, तर मात्र पैसे नव्या संचावर घाला.