लिनक्स मिंटवर अँटिव्हायरस: क्लॅमएव्ही काही महिने वापरल्यानंतर

गेल्या महिन्यात घरच्या कॉम्प्युटरचा एसएमपीएस (आतला वीजपुरवठ्याचा डबा) उडाला. दुकानातून मशीन परत आलं तेव्हा बिलात एक ओळ जादा होती: अँटिव्हायरस, एक वर्ष, साडेचारशे रुपये. मशीनवर लिनक्स मिंट आहे, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी फुकट ऑपरेटिंग सिस्टिम. बिलातला अँटिव्हायरस विंडोजचा, म्हणजे तो बसवलेला नव्हता आणि बसणारही नव्हता. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "काका, अँटिव्हायरसशिवाय मशीन बाहेर सोडत नाही आम्ही. नेटला जोडलं की व्हायरस येतोयच." बराच वाद घालून ती रक्कम वजा करून घेतली, तेव्हाच मशीन उचललं. सांगलीत मिंट वापरणारे आता बरेच झालेत. तुमच्याही बिलात अशी ओळ येऊ शकते, म्हणून सविस्तर लिहितोय.

विंडोज होतं तोवर मी दरवर्षी पैसे भरून अँटिव्हायरस घेत होतो, त्याबद्दल तक्रार नाही. क्विक हील या अँटिव्हायरस कंपनीचे कैलास काटकर मूळचे सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरचे, त्यामुळे या धंद्याबद्दल थोडी आपुलकीही आहे. पण विंडोज १० चे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद होणार हे कळलं. ४ जीबी रॅमच्या जुन्या आय-थ्रीवर ११ चालणार नव्हतं, म्हणून मी आधीच मिंटवर आलो. तेव्हा तासगावच्या थोरल्या भावानं बजावलं होतं, "फुकटचा तरी टाक, पण टाकच." म्हणून क्लॅमएव्ही टाकला. मुक्त आहे, फुकट आहे, २०१३ पासून सिस्को या अमेरिकन कंपनीकडे आहे, नाव चांगलं आहे.

आता रॅमबद्दल, कारण माझा सगळा राग तिथेच आहे. क्लॅमएव्ही आणि क्लॅमएव्ही-डेमन ही दोन वेगळी पॅकेजेस. डेमन म्हणजे पडद्यामागे सतत चालू राहणारा प्रोग्रॅम. इंटरनेटवरचे बहुतेक सल्ले दोन्ही टाकायला सांगतात. डेमन सुरू झाला की व्हायरसच्या खुणांचा सगळा साठा मेमरीत चढवतो आणि तिथेच मुक्काम ठोकतो. सिस्टिम मॉनिटर उघडून पाहिलं तर क्लॅमडी (हाच तो डेमन) एकटा १ जीबीच्या आसपास खात होता. फायरफॉक्समध्ये बँकेचं पान आणि मुलीचा व्हिडिओ एकदम उघडला की माउस अडखळायचा. त्यावर कडी म्हणजे नवा साठा उतरला की डेमन जुना मेमरीत ठेवून नवा त्याच्या शेजारी चढवतो. तेवढ्या वेळापुरती रॅम दुप्पट लागते आणि ४ जीबीचं मशीन चक्क गोठतं. 'कॉन्करंट डेटाबेस रीलोड' ही सेटिंग 'नो' केली की हे थांबतं, पण ते शोधायला मला फार वेळ गेला. क्लॅमएव्हीच्या स्वतःच्या कागदपत्रांत किमान ३ जीबी रॅम सुचवलेली आहे. हे आधी वाचणारा घरगुती माणूस किती?

आणि एवढं करून हा डेमन आपणहून काहीच तपासत नाही! फाइल उघडताक्षणी तपासणी हवी असेल तर क्लॅमोनॅक हा भाग वेगळा सुरू करावा लागतो. तो चालू नसेल तर डेमन नुसता बसून राहतो. चाचणीची आयकार फाइल डाउनलोड फोल्डरमध्ये टाकून पाहिली. ६८ अक्षरांची ती निरुपद्रवी फाइल सगळे अँटिव्हायरस ओळखतात. ती उघडली, कॉपी केली, कुणी हूं की चूं केलं नाही. हातानं स्कॅन केल्यावर मात्र लगेच सापडली. त्याच दिवशी डेमन काढून टाकला आणि मिंटवर अँटिव्हायरसची गरज नाही, असं माझं मत झालं.

त्यामागं कारणंही होती. सॉफ्टवेअर मिंटच्या भांडारातून सहीनिशी येतं, ब्राउझरमधून उतरवलेल्या फाइलला चालण्याची परवानगी आपोआप मिळत नाही, आणि सिस्टिमला हात लावायचा तर पासवर्ड लागतो. एक भ्रम मात्र काढून टाका. घरातले फोटो आणि हिशेब कुलूपबंद करायला रॅन्समवेअरला (फाइली अडवून खंडणी मागणाऱ्या प्रोग्रॅमला) रूटचा, म्हणजे सिस्टिमच्या मुख्य खात्याचा, पासवर्ड लागत नाही. तुमच्या नावानं चाललेला प्रोग्रॅम तुमच्या सगळ्या फाइलींना हात घालू शकतो. त्यासाठी बॅकअप वेगळ्या डिस्कवर ठेवा. मिंटसोबत येणारा टाइमशिफ्ट हा बॅकअपचा प्रोग्रॅम मुळात सिस्टिमसाठी आहे, घरच्या फाइली तो आपणहून घेत नाही.

मत बदललं ते पेनड्राइव्हनं. मुलगी सांगलीच्या वालचंद इंजिनिअरिंग कॉलेजला आहे, प्रोजेक्टचा रिपोर्ट विश्रामबागेतल्या एका झेरॉक्सवाल्याकडून छापून आणला. पेनड्राइव्ह मिंटला लावला तर एकाच नावाच्या जोड्या दिसल्या: एक खरा फोल्डर आणि शेजारी त्याच नावाची एलएनके फाइल, म्हणजे विंडोजचा शॉर्टकट. विंडोजवर खरा फोल्डर लपलेला राहतो आणि माणूस शॉर्टकटवर क्लिक करून मोकळा होतो. मिंट तो लपवण्याचा शिक्का जुमानत नाही, त्यामुळे सगळं उघड्यावर. आम्हाला काडीचा त्रास नव्हता, पण तोच पेनड्राइव्ह पुढे तासगावला जाणार होता. भावाचा बेदाण्याचा सगळा हिशेब टॅलीत, विंडोजवर. क्लॅमस्कॅन (क्लॅमएव्हीचा हातानं चालवायचा स्कॅनर) चालवला, जुन्या मशीनवर सुरू व्हायलाच अर्धा मिनिट खाल्लं, पण घाण नेमकी दाखवली. तेव्हापासून डेमनशिवायचा क्लॅमएव्ही कायम ठेवलाय. बाहेरून आलेला प्रत्येक पेनड्राइव्ह तपासूनच पुढे जातो.

लिनक्सवरचे मोठे घात मात्र याच्या हाती लागणारे नव्हते. फेब्रुवारी २०१६ मध्ये मिंटचीच वेबसाइट फोडून १७.३ सिनॅमन या आवृत्तीच्या जागी मागचं दार (चोरून आत शिरण्याची वाट) असलेली आयएसओ, म्हणजे मिंट बसवायची फाइल, ठेवली होती. बचावले ते लोक सही आणि चेकसम (फाइल बदललेली नाही ना हे सांगणारा आकडा) पडताळणारे. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या फाइली दाबून लहान करणाऱ्या प्रोग्रॅमच्या ५.६.० आणि ५.६.१ मध्ये लपवलेलं दार आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला सापडलं. एसएसएच (दूरच्या मशीनमध्ये शिरण्याची सोय) लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय, याचा छडा तो लावत होता. जुलै २०२५ मध्ये आर्च या दुसऱ्या लिनक्सच्या एयूआरवर, म्हणजे वापरणाऱ्यांनीच भरलेल्या भांडारात, फायरफॉक्सच्या पॅचच्या नावानं रॅट (दुरून मशीन ताब्यात घेणारा प्रोग्रॅम) घातलेली पॅकेजेस आली. म्हणून मिंटवर अपडेट मॅनेजर रोज बघा, वेबसाइटवरचं डेब पॅकेज डोळे झाकून बसवू नका, आणि फायरवॉलचं बटण चालू करा. ते मुळात बंद असतं.

घरात धोका खरा कुठे आहे तर मोबाइलवर. अँड्रॉइडही लिनक्सच्याच गाभ्यावर चालतो. नात्यातल्या एका नंबरवरून व्हॉट्सॲपवर 'लग्नपत्रिका' नावाची एपीके (अँड्रॉइड ॲप बसवायची फाइल) आली, तो नंबर आधीच हॅक झालेला. ती कॉम्प्युटरवर उतरवून क्लॅमस्कॅननं तपासली तर 'ओके' म्हणाला. ताज्या फाइलीची खूण साठ्यात यायला वेळ लागतो, आणि तेवढ्या वेळात ती गावभर फिरते. आता घरातल्या सगळ्या फोनवर व्हॉट्सॲपची अनोळखी ॲप बसवण्याची परवानगी बंद केलीय, गूगलची प्ले प्रोटेक्ट ही ॲप-तपासणी चालू आहे. आईच्या फोनवर ते मी स्वतः तपासतो.