दवाखान्यातील नोंदींचे सॉफ्टवेअर: काही महिन्यांनंतरही केसपेपर का सुटला नाही

आमच्या दातांच्या दवाखान्यासाठी हे सॉफ्टवेअर घेताना केसपेपर हळूहळू बंद करायचे असे ठरले होते. आज वर्गणीही भरतो आहोत आणि छापील कार्डेही मागवतो आहोत. अपॉइंटमेंट, बिले, एक्स-रे यांबाबत तक्रार नाही. तक्रार आहे ती दातांच्या क्रमांकांची.

आम्ही एफडीआयची, म्हणजे जागतिक दंतवैद्यक संघटनेची, दोन अंकी पद्धत वापरतो: पहिला अंक जबड्याचा चतुर्थांश सांगतो, दुसरा मधल्या रेषेपासून दाताचा क्रम, १ ते ८. एका अपडेटनंतर उपचारपत्रकावर, कोणालाही न विचारता, अमेरिकेत रूढ असलेले १ ते ३२ हे क्रमांक छापून येऊ लागले. ४६ च्या जागी ३० आले की शंका येतेच, कारण एफडीआयमध्ये शून्याने संपणारा क्रमांक नाही. पण २६ च्या, म्हणजे वरच्या डाव्या पहिल्या मोठ्या दाढेच्या जागी १४ आले, तर आमच्या लेखी ती उजवीकडची पहिली उपदाढ ठरते आणि कागदावर खटकण्यासारखे काहीच उरत नाही. दात काढण्याच्या पत्रकावर नेमके हेच छापून आले होते. सोबतच्या केसपेपरवर डाव्या दाढेभोवती पेनाने केलेला गोल होता, म्हणून उजवीकडची निरोगी उपदाढ वाचली. कंपनीचे उत्तर असे, की ती केवळ एक सेटिंग आहे आणि प्रत्येक अपडेटनंतर प्रत्येक संगणकावर ती तपासून घ्यावी. पैसे मोजून ही राखण आपणच करायची, हे अजब आहे.

त्यानंतर सगळा कारभार पुन्हा कागदावर न्यावा असे वाटले होते, परंतु हिरड्यांच्या नोंदींनी ते मत बदलायला लावले. प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी हिरडी आणि दात यांमधल्या फटीची खोली मोजली, तर बत्तीस दातांचे १९२ आकडे होतात. मागच्या भेटीपेक्षा कोणती जागा खोल झाली, हे संगणक क्षणात लाल रंगात दाखवतो, कार्डावर मात्र ते शोधत बसावे लागते.

म्हणून आता हिरड्यांची मापे आणि एक्स-रे फक्त संगणकात, तर संमतीपत्र सहीनिशी कागदावर राहते. कोणत्या दातावर काय करायचे, एवढेच दोन्हीकडे लिहिले जाते आणि दोन्ही नोंदी जुळल्याशिवाय भूल दिली जात नाही. प्रत्येक पत्रकावर क्रमांकाशेजारी दाताचे नाव अक्षरांत छापण्याची सोय होईपर्यंत या सॉफ्टवेअरची महागडी योजना घेण्याचा प्रश्नच नाही.