शिक्के चांगलेच होते, शाई चुकत होती: पेंडंट बनवण्याचे आठ महिने

आठ महिन्यांपूर्वी रबरी शिक्के वापरून पेंडंट बनवायला घेतली, तेव्हा माझं सगळं लक्ष शिक्क्यांवर होतं. नक्षी कोणती, रेषा किती बारीक, पान घ्यावं की पक्षी. शाईचं काय, एक काळी गादी आणली की झालं, असं वाटायचं. आता पन्नासेक पेंडंट हातून गेल्यावर नव्याने सुरुवात करणाऱ्यांना मी उलट सांगते: ठसा कशावर उमटवायचाय ते बघून आधी शाई ठरवा, शिक्का नंतर निवडा.

सुरुवात केली ती सगळ्यात सोप्या प्रकाराने. कागदावर ठसा, त्यावर 25 मिमीची घुमटाकार काच आणि मागे धातूची बैठक. शाई होती डाय इंक. ती पाण्यातली असते, कागदात चटकन मुरते, लगेच वाळते आणि रेषा इतकी स्वच्छ येते की जीव खूश होतो. पण काच चिकटवायला घेतलेला गोंदही पाण्यातलाच होता. काच दाबली आणि नेच्याची नाजूक पानं डोळ्यांदेखत निळसर डाग होऊन पसरली. एका संध्याकाळी पाच पेंडंट गेली. गोंद बरा नाही असं समजून मी गोंद बदलला आणि पुन्हा तेच झालं. फार वाईट वाटलं होतं तेव्हा.

मग पिगमेंट इंक आणली. हिच्यात रंग विरघळलेला नसतो, त्याचे बारीक कण असतात आणि ते कागदात फारसे न मुरता वर बसतात. वाळायला वेळ लागतो, म्हणून मी हीट गनने शेक देते आणि एक रात्र तसंच ठेवते. त्यानंतर काच लावली तर रेषा हलत नाही. दुसरा फरक कळायला मात्र सहा महिने जावे लागले. दोन्ही शायांचं एकेक पेंडंट मी उन्हाच्या खिडकीत टांगून ठेवलं होतं. डाय इंकवालं फिकट तपकिरी झालं, पिगमेंटवालं जवळजवळ होतं तसंच आहे. रोज गळ्यात घालायच्या वस्तूसाठी मला एवढा पुरावा पुरे.

सगळ्यात जास्त रमले ते श्रिंक प्लॅस्टिकमध्ये. उष्णता दिली की हे शीट लांबी-रुंदीने साधारण 45 टक्क्यांवर येतं आणि जवळपास पाचपट जाड होतं. तळहाताएवढा ठसा अंगठ्याएवढा होतो आणि त्यातली शिरन् शीर शाबूत राहते. इतकं बारीक काम हाताने काढणं मला कधीच जमलं नसतं. रंगही दाटतो, त्यामुळे रंग फिकाच भरायचा. मी पहिल्यांदा मनाजोगता लाल भरला होता, तो भट्टीतून जवळजवळ काळा होऊन आला. भोक आधीच पाडायचं: 6 मिमीचं भोक शेवटी पावणेतीन मिमीच्या आसपास उरतं आणि त्यातून कडी आरामात जाते. तापताना शीट वेडंवाकडं गुंडाळतं, तेव्हा घाबरून हात घालू नका. थोड्या वेळाने ते आपणच सपाट होतं. बाहेर काढल्या काढल्या एखाद्या जड, सपाट वस्तूने दाबलं की काम फत्ते. लांबीत आणि रुंदीत ते अगदी सारखं आकसत नाही, म्हणून कानातल्यांच्या जोडीचे दोन्ही तुकडे शीटवर एकाच दिशेने कापते.

काच किंवा धातूवर थेट ठसा हवा असेल तर सॉल्व्हंट इंकला, म्हणजे पाण्याऐवजी उडून जाणाऱ्या द्रावकातल्या शाईला, पर्याय नाही. पिगमेंट इंक तिथे दिवसेंदिवस ओलीच राहते, बोट लागलं की पुसते. सॉल्व्हंट इंक काही मिनिटांत पक्की होते, पण वास उग्र असतो. खिडक्या उघड्या ठेवूनच काम करावं. शिवाय माझे दोन पारदर्शक शिक्के ढगाळ आणि चिकट झाले ते याच शाईने. आता तिच्यासाठी फक्त लाल रबराचे शिक्के ठेवलेत आणि ते तिच्याच क्लीनरने लगेच पुसते. पारदर्शक शिक्क्यातून ठसा कुठे पडणार ते दिसतं, ही सोय इथे सोडावी लागते. गुळगुळीत पृष्ठभागावर शिक्का घसरतो. सरळ खाली आणायचा, डोलवायचा नाही आणि सरळच उचलायचा.

पॉलिमर क्ले, म्हणजे भाजल्यावर कडक होणारी प्लॅस्टिकची माती, तिच्याबद्दल थोडक्यात. कच्च्या क्लेवर पिगमेंट इंक छान बसते आणि भाजल्यावर टिकते. तापमान पाकिटावर दिलेलंच ठेवा, माझ्या क्लेला 130 अंश लागतं. वर स्प्रे वार्निश मात्र मारू नका. माझे चार तुकडे त्याने कायमचे चिकट झाले. पाण्यातलं वार्निश ब्रशने लावलेलं अजून उत्तम आहे.

आज पुन्हा खरेदी करायची झाली तर काळी पिगमेंट इंक, काळी सॉल्व्हंट इंक, श्रिंक प्लॅस्टिक आणि लाल रबराचे तीनच शिक्के घेईन. डाय इंक शुभेच्छापत्रांसाठी ठेवली आहे. ताईला दिलेलं पहिलं पेंडंट तेवढं माझ्याकडे परत मागून घेतलंय. तीच पानं, तोच शिक्का. पण या वेळी पिगमेंट इंकने उमटवलेला कागद कालपासून वाळत ठेवला आहे.