हायड्राइड पावडरचं कोटिंग, सातपूर एमआयडीसी
आमच्या हायड्रोजन स्टोरेजच्या प्रोजेक्टसाठी सातपूरच्या एका छोट्या युनिटकडून लँथनम-निकेल पावडरवर (हायड्रोजन शोषून हायड्राइड बनवणारी मिश्रधातूची पावडर) पीएमएमए, म्हणजे आपलं अ‍ॅक्रिलिकच, चढवून घेतलं आणि काम खरंच मस्त झालंय. हायड्रोजन या थरातून जातो पण ऑक्सिजन आणि ओल बऱ्यापैकी अडते, नाशिकच्या पावसाळ्यात आमची उघडी, थर नसलेली पावडर पार निकामी झाली होती हो. शिवाय हायड्रोजन घेताना कण २५ टक्क्यांच्या आसपास फुगतात, सोडला की आकसतात, त्यानेच भुगा होतो, तो आता फिल्टरमध्ये येत नाही. पहिल्या बॅचला गुठळ्या होत्या, चाळणीतून जाईनात, युनिटच्या दादांनी अ‍ॅक्रिलिकचं द्रावण पातळ करून पैसे न घेता परत करून दिली. थर पातळच मागा, या पावडरमध्ये आधीच वजनाच्या जेमतेम १.४ टक्के हायड्रोजन मावतो, थराच्या वजनाने ते प्रमाण अजून घटतं. मॅग्नेशियमच्या पावडरमध्ये हायड्रोजन साठवणाऱ्यांनी मात्र हे करू नका, तो सोडवायला ३०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवावं लागतं, तिथे अ‍ॅक्रिलिक टिकत नाही.