अर्धा इंची तांब्याचे एल्बो चोख, पण व्हॉल्व्ह नीट बघून घ्या

न्यू जर्सीत एडिसनला आमचं घर आहे, १९७२ सालचं. तळघरात एका सांध्यातून पाणी ठिबकायला लागलं, म्हणून सिंककडे जाणारी आठ फूट लाइन नवी टाकली. लेक सहा महिन्यांची. तिच्या दुधाची पावडर याच पाण्यात कालवतो, म्हणून त्यात शिसं उतरू नये यासाठी एकेक नग हातात घेऊन तपासला.

प्लंबिंगच्या दुकानातून दहा एल्बोंचं, म्हणजे पाइप वळवायच्या जोडांचं, पाकीट आणलं. माल उत्तम. प्रत्येक नगावर कंपनीचा ठसा, पाकिटावर एएसएमई बी१६.२२ (तांब्याच्या जोडांचं मानक) आणि एनएसएफ ६१ (पिण्याच्या पाण्यासाठीचं मानक). एकाचंही तोंड दबलेलं नव्हतं. पाइप हाताने सरळ आत टेकेपर्यंत गेला आणि सोडल्यावर डुगडुगला नाही. पाइप आणि एल्बो यांच्यातली बारीक फट नेमकी असावी लागते. सांधा तापल्यावर डाखाची (सोल्डरची) तार टेकवली, तर डाख आपोआप आत ओढला गेला आणि कडेने चकचकीत रिंगण उमटलं. सगळे सांधे पहिल्याच झटक्यात कोरडे. आतून तेलकट थर होता, तो मात्र ब्रशने घासून काढावा लागला.

पण खरं सांगायचं तर या एल्बोत शिशाची भीती जवळजवळ नाहीच, ते निव्वळ तांबं आहे. शिसं असतं जुन्या डाखात आणि पितळेत. पितळ कापायला सोपं जावं म्हणून ते घालतात. अमेरिकेत पिण्याच्या पाण्याच्या लाइनसाठी शिशाच्या डाखावर १९८६ साली बंदी आली. त्याआधी निम्मं कथील, निम्मं शिसं असा डाख सर्रास वापरत. आमची आजी कल्हईवाल्यासमोर बसून कथील स्वतः बघायची, त्यात शिसं नको म्हणून. इथे तेच शिसं माझ्या भिंतीत असणार.

पितळी व्हॉल्व्हच्या बाबतीत तर 'लेड-फ्री' (शिसं नसलेला) या शब्दावरही विसंबू नका. ४ जानेवारी २०१४ पर्यंत ८ टक्के शिसं असलेलं पितळही कायद्याने लेड-फ्रीच होतं. आता पाणी लागतं त्या पृष्ठभागांची सरासरी ०.२५ टक्क्यांवर चालत नाही. आधीच्या मालकाने गॅरेजमध्ये ठेवलेला जुना व्हॉल्व्ह म्हणूनच भंगारात टाकला. ऑनलाइन मागवलेल्या स्वस्त व्हॉल्व्हच्या डब्यावर तर अगदी बारीक अक्षरात 'पिण्याच्या पाण्यासाठी नाही' असं लिहिलेलं निघालं. परत पाठवला. शेवटी एल्बोंच्याच दुकानातून घेतला: अंगावर 'एलएफ' (लेड-फ्री), डब्यावर एनएसएफ ३७२ आणि ६१ दोन्ही. ३७२ फक्त धातूत शिसं किती ते बघतं, ६१ पाण्यात काय काय उतरतं ते तपासतं. मला दोन्ही हवे होते. काही डॉलर जास्त गेले, त्याचं काही नाही.

एल्बोंना पाचपैकी पाच. वरच्या मजल्याचे जुने सांधे उन्हाळ्यात बदलणार आहे. तोवर सकाळी नळ थोडा वेळ सोडून ठेवतो आणि दुधासाठी गार पाणीच घेऊन तापवतो. गरम पाण्यात शिसं जास्त उतरतं, आणि उकळून ते जात नाही.