‘व्हॅम्पायर नाइट’ की ‘कॉल ऑफ द नाइट’: आधी कोणती वाचावी?

माणूस आणि व्हॅम्पायर यांच्या प्रेमाची एकच मोठी मांगा (जपानी चित्रकथा) मालिका हाती घ्यायची असेल, तर मात्सुरी हिनो यांची ‘व्हॅम्पायर नाइट’ (२००४ ते २०१३, १९ खंड) आणि कोतोयामा यांची ‘कॉल ऑफ द नाइट’ (२०१९ ते २०२४, २० खंड) यांपैकी निवड करणे सोपे नाही. दोन्ही मालिका पूर्ण झालेल्या आहेत, दोन्ही इंग्रजीत मिळतात आणि दोन्ही मी शेवटपर्यंत वाचल्या आहेत.

हिनो यांच्या रेखाटनाची मोहिनी नाकारता येणार नाही. व्हॅम्पायरांची शिकार करणाऱ्या घराण्यात जन्मलेला झिरो स्वतःच व्हॅम्पायर होतो, आणि आपल्या तहानेची किळस येत असतानाही नायिका युकी हिच्या मानेवर झुकतो, तेव्हा त्या चौकटींत ओढ आणि शरम एकदमच दिसते. रक्त देऊन युकी त्याला वाचवते, पण त्याच्या अपराधी भावनेत भरही घालते. सुरुवातीच्या खंडांतले हे प्रसंग मला आजही फार मोलाचे वाटतात.

माझे मन उडाले ते मात्र पुढच्या एका वळणामुळे, आणि ते सांगितल्यावाचून मला माझा मुद्दा मांडता येत नाही. रहस्य जपायचे असेल त्यांनी हा परिच्छेद वगळावा. मालिकेच्या मध्यापूर्वीच उघड होते, की युकी मुळात माणूस नाहीच. तीही शुद्ध रक्ताची व्हॅम्पायर आहे. जी मुलगी माणूस असूनही या जगाला भिडत होती, तिचे माणूसपणच काढून घेतले जाते. त्यानंतरची कथा घराणी, सत्ता आणि जुनी वैरे यांत उत्तम रंगते, पण माणूस आणि व्हॅम्पायर यांच्यातले जे अंतर वाचायला मी आलो होतो, ते जन्माच्या एका रहस्याने मिटवले जाते. ती खंत शेवटच्या खंडापर्यंत गेली नाही.

‘कॉल ऑफ द नाइट’मध्ये तेच अंतर सगळ्या कथेचा आधार आहे. शाळा सोडून रात्री भटकणारा चौदा वर्षांचा को यामोरी नाझुना या व्हॅम्पायरला भेटतो आणि त्याला व्हॅम्पायर व्हायचे असते; पण अट अशी, की रक्त पिणाऱ्या व्हॅम्पायरवर माणसाचे प्रेम बसलेले असले पाहिजे. पहिल्या चाव्यानंतर त्यासाठी मुदत एक वर्षाची, आणि प्रेम म्हणजे काय हेच कोला ठाऊक नाही. एरवी अचकट विचकट बोलणारी नाझुना प्रेमाचा विषय निघताच लाजून लाल होते. प्रेम खरे ठरले तर माणूसपण जाणार, हा पेच प्रत्येक साध्या संवादाखाली असतो. त्यात दोघे निर्मनुष्य रस्त्यांवरून, गृहसंकुलांच्या रांगांमधून हिंडतात ती रुंद चित्रपाने इतकी सुंदर आहेत, की कथा थबकली तरी मी पान उलटायची घाई केली नाही.

कोच्या वयामुळे नाझुनाची थट्टा काहींना खटकेल, आणि तो आक्षेप रास्त आहे. व्हॅम्पायरांच्या मागावर असलेल्या गुप्तहेर बाईचा भागही थोडा लांबलेला वाटू शकतो. शोकात्म, दरबारी थाटाची कथा ज्यांना भावते त्यांनी ‘व्हॅम्पायर नाइट’च आधी घ्यावी, हे मला मान्य आहे. परंतु दोघांमधल्या नात्यासाठीच वाचणार असाल, तर माझ्या मते कोतोयामांचा पहिला खंड आधी मागवावा.