बुद्धिबळाचे दोन क्लास : एक फोनवरचा, एक सोसायटीच्या हॉलमधला

पोरीसाठी दोन बुद्धिबळ क्लास वापरून झालेत, एक ॲपवाला आणि एक सिंहगड रोडच्या बाजूला जुन्या सोसायटीच्या हॉलमध्ये भरतो तो, म्हणून लिहितेय. नावं टाकणार नाही, दोघांबद्दलही थोडी कुरकुर आहे आणि उगाच कुणाशी वाकडं कशाला घ्या. ॲपवाल्याला दोन स्टार, हॉलवाल्याला चार. पाचवा का कापला ते खाली येईलच.

ॲपवाल्याचं आधी उरकते. २०२४ च्या डिसेंबरात गुकेशनं सिंगापूरला जगज्जेतेपदाच्या लढतीत डिंग लिरेनला हरवलं आणि तेव्हापासून फोनवर ह्या जाहिरातींना ऊत आलाय. डेमो फ्री असतो, डेमोनंतर एक ताई फोन करून सांगते की तुमच्या मुलीची कॅल्क्युलेशन पॉवर जबरदस्त आहे (पोरीनं डेमोत वजीर फुकट घालवला होता), आणि मग वर्षाची फी एकदम भरा नाहीतर ईएमआय करून देतो. क्लास म्हणजे स्क्रीनवर सर, बाकी चौकोनांत मुलं, निम्म्यांचा कॅमेरा बंद, आणि सरही सारखे बदलतात, एकाला पोरीचं नाव पाठ होतंय तोवर दुसरा. पझल्स मात्र भरपूर आणि खरंच चांगली, ते दोन स्टार त्यांचेच. पण पझल समोर आलं की इथे काहीतरी भारी चाल लपलीये हे मुलाला आधीच कळलेलं असतं, खऱ्या डावात तसं कुणी कानात येऊन सांगत नाही ना. लेव्हल संपली की सोनेरी बॉर्डरचं सर्टिफिकेट, पीडीएफमध्ये. अशी सर्टिफिकेटं घेऊन पोरगी पहिल्या रेटिंग टुर्नामेंटला (जिच्यातून खेळाडूचं रेटिंग ठरतं) बसली, ९० मिनिटं आणि वर प्रत्येक चालीला ३० सेकंद असा टाइम कंट्रोल, आणि ही पंधरा मिनिटांत डाव उरकून बाहेर, घड्याळात तासावर वेळ शिल्लक आणि डाव हरलेला. एका जागी बसून एकाच पोझिशनवर डोकं चालवायची सवयच कुणी लावली नव्हती, कारण त्या क्लासात पूर्ण लांबीचे डाव कधी खेळलेच जात नाहीत.

आता हॉलवाला. बघितल्यावर पहिल्यांदा इथे काय शिकवणार असंच वाटतं. प्लास्टिकच्या खुर्च्या, गुंडाळून ठेवायचे व्हिनाइलचे पट ज्यांचे कोपरे सारखे वर येतात, एका सेटमधला काळा उंट हरवलाय म्हणून त्याच्या जागी फेव्हिस्टिकचं झाकण उभं असतं आणि मुलं त्याला बिनधास्त उंट म्हणून खेळतात. सर बँकेत नोकरी करून रिटायर झालेले, राज्य पातळीपर्यंत खेळलेले, स्वतःचं रेटिंग कुणी विचारलं तर विषय बदलतात. फी महिन्याला अठराशे. आठवड्यात दोन संध्याकाळी शिकवणी आणि शनिवारी फक्त डाव, तोही घड्याळ लावून, आणि चाली लिहायच्याच. स्कोअरशीट नसेल तर सर सरळ म्हणतात, "मग डाव झालाच नाही, पुन्हा बस."

ह्या क्लासची खरी किंमत मला कळली ती डाव संपल्यानंतर. पोरगी एका मोठ्या मुलाशी हरली, हत्ती-प्यादी उरलेला बरोबरीतला एंडगेम होता आणि हिनं समोरून हत्ती बदलायला मिळाला म्हणून पटकन मारामारी केली, राजा-प्याद्यांच्या एंडिंगमध्ये त्याच्या राजानं अपोझिशन घेतली, म्हणजे हिच्या राजासमोर उभं राहून वाट अडवली, आणि संपलं. ॲपवर ह्याच्यावर लाल रंगाचं चिन्ह आलं असतं आणि इंजिननं, म्हणजे डाव तपासणाऱ्या प्रोग्रामनं, बरोबर चाल दाखवली असती, मुलानं पुढचं बटण दाबलं असतं. सरांनी काय केलं, तर पट परत त्या चालीवर लावला, स्कोअरशीटचा पुढचा भाग तळहातानं झाकला आणि विचारलं, "हत्ती मारताना काय मोजलंस?" ही गप्प. मग म्हणाले, आता दोन्ही राजे कितव्या चालीला कुठे पोचतात ते बोटानं दाखव. बराच वेळ लागला, बाकी मुलं घरी जायला लागली, तरी उत्तर सांगितलं नाही. शेवटी तिनंच एक प्यादं आधी एक घर पुढे टाकून मग हत्ती बदलायचा मार्ग शोधला, म्हणजे चाल देण्याची पाळी समोरच्यावर येते. जिच्यामुळे हरली ती चूक हिच्या कायमची डोक्यात बसली आणि मी तिथे बाकावर बसून हे सगळं बघत होते म्हणून सांगतेय, ह्यालाच शिकवणं म्हणतात.

आणि हे काही सरांचं स्वतःचं वेगळं तंत्र आहे असंही नाही, आपल्याकडे चांगले खेळाडू जिथून निघालेत तिथे बघा, कमीजास्त हेच सापडतं. सांगलीचं उदाहरण घ्या. भाऊसाहेब पडसलगीकरांनी त्या गावात बुद्धिबळ असं रुजवलं की भाग्यश्री साठे (नंतरच्या ठिपसे) तिथून आल्या, पाच वेळा महिला राष्ट्रीय विजेत्या, पुढे स्वाती घाटे तिथूनच. सांगलीत काय मोठं सेंटर होतं का? नाही, पण मंडळ होतं, स्पर्धा होत्या, आणि संध्याकाळी गेलं की समोर बसायला आपल्यापेक्षा जड खेळणारं माणूस मिळायचं. मुंबईच्या खाडिलकर बहिणींच्या तर घरातच मिळायचं! वासंती, जयश्री, रोहिणी. १९७४ ला महिलांची पहिली नॅशनल वासंतीनं जिंकली आणि पुढे जवळजवळ दशकभर विजेतेपद ह्या तिघींतच फिरत होतं. रोहिणी तर १९७६ ला पुरुषांच्या नॅशनलमध्ये जाऊन खेळली. घरातच बहिणीशी डाव, आणि बहीण नॅशनल चॅम्पियन, आता ह्यावर कुठला क्लास काय शिकवणार सांगा.

चेन्नईचं रहस्य काय असं सगळे विचारतात, विश्वनाथन आनंद लहानपणी तिथल्या ताल चेस क्लबात जाऊन तासन्‌तास खेळायचा, सोव्हिएत कल्चरल सेंटरमधला क्लब, आणि तिथे मॅन्युएल एरन, म्हणजे नऊ वेळचा नॅशनल चॅम्पियन. मग १९८६ ला सोळाव्या वर्षी आनंद स्वतः नॅशनल जिंकला, १९८८ ला भारताचा पहिला ग्रँडमास्टर (जीएम, बुद्धिबळातली सगळ्यात वरची पदवी). त्यानंतर शाळा पुढे आल्या, वेलम्मलसारख्या, ज्या स्पर्धांसाठी मुलांना मोकळं सोडतात, आर. बी. रमेशसारखे कोच आले जे स्वतः ग्रँडमास्टर असून शिकवायला बसले. गुकेशचे तेव्हाचे कोच विष्णू प्रसन्ना, त्यांनी तर त्याला बरीच वर्षं इंजिनपासून लांबच ठेवलं होतं, स्वतःच्या डोक्यानं मोज म्हणून. गुकेशचे वडील कान-नाक-घशाचे सर्जन, प्रॅक्टिस बाजूला ठेवून पोराबरोबर देशोदेशी फिरले, आई मायक्रोबायोलॉजिस्ट, तिच्या पगारावर घर. १२ वर्षं ७ महिन्यांचा असताना जीएम झाला ते ह्या सगळ्यावर. जाहिरातीत फक्त त्याचा फोटो असतो, वडिलांची बंद प्रॅक्टिस नसते.

२०२३ ला सिनियर नॅशनल पुण्यातच होती तेव्हा सर मुलांना बघायला घेऊन गेले होते, ही गोष्ट क्लासच्या खात्यात मोठी जमा धरते कारण कुठल्याच जाहिरातीत ती नसते. सेतुरामन जिंकला, २०१४ नंतर दुसऱ्यांदा. मुलांना वाटलेलं टाळ्या, स्क्रीन, आरडाओरडा असेल, तर आत नुसती शांतता आणि टेबलांच्या रांगा. माझ्या पोरीला सगळ्यात आवडलं ते बाहेरचं, डाव संपला की दोघं खेळाडू, ज्यांनी आत्ता चार तास एकमेकांचा जीव काढला ते, परत शेजारी बसून भराभर मोहरे हलवत "इथे तू हे खेळला असतास तर" करतात. "आई, हे आपल्या सरांसारखंच करतायत." बास, फी वसूल.

परत येताना सरांनी एक गोष्ट सांगितली ती आईबापांनी लिहून ठेवावी. नॅशनल जिंकणं वेगळं आणि टॉपला जाणं वेगळं. पहिली नॅशनल १९५५ ला एलुरूला झाली, आपले रामचंद्र सप्रे आणि आंध्रचे वेंकय्या संयुक्त विजेते, पण तेव्हा पुढे जायचं कुठे, देशात ग्रँडमास्टर नाही, परदेशी स्पर्धा खेळायला पैसा नाही. प्रवीण ठिपसे सात वेळा नॅशनल जिंकले तरी जीएम व्हायला १९९७ उजाडलं. जीएमसाठी तीन नॉर्म (एखाद्या स्पर्धेत जीएमच्या तोडीची कामगिरी) लागतात आणि २५०० रेटिंग, आणि नॉर्म मिळवायचा तर समोर तगडे टायटलवाले बसायला हवेत, घरबसल्या तो मिळत नाही. उलट आता बघा, गुकेश, प्रज्ञानंद, आपला नाशिकचा विदित, तिघांपैकी एकानंही सिनियर नॅशनल जिंकलेली नाही, कारण ती मुलं तेव्हा बाहेर कुठेतरी त्यांच्यापेक्षा भारी लोकांशी खेळत असतात. अर्जुन एरिगैसी २०२२ ला जिंकला, तो अपवाद म्हणा. आपल्या अभिजित कुंटेंच्या काळात नॅशनल हे शिखर होतं, आता ते मधलं स्टेशन झालंय असं सरांचं म्हणणं, मला पटलं.

आता पाचवा स्टार. समोर आपल्यापेक्षा भारी माणूस हवं, हाच निकष क्लासला लावला तर तिथेच कमी पडतो. साधारण १६०० रेटिंगपर्यंत ठीक, मोठी मुलं असतात, शनिवारी दोनतीन कॉलेजची पोरं आणि एक आजोबा येतात (आजोबा लंडन सिस्टीम ह्या एकाच ठरलेल्या सुरुवातीशिवाय दुसरं काही खेळत नाहीत, पण हरवतात सगळ्यांना). त्याच्या वरच्या मुलाला समोर बसायलाच कुणी नाही. सर हे स्वतः आईबापांना बोलावून सांगतात, आता दुसरीकडे बघा, माझ्याकडचं संपलं. असं सांगणारा क्लासवाला मी तरी दुसरा पाहिला नाही, तरी स्टार कापलाच कारण रिव्ह्यू आहे हा.

बाकी तक्रारी किरकोळ. नवीन आणि जुनी मुलं एकाच हॉलमध्ये त्यामुळे कलकलाट असतो. सर टुर्नामेंटला गेले की क्लास बंद आणि मेसेज येतो तोवर आपण गेटपाशी पोचलेले असतो. मुली फार कमी, सहावी-सातवीनंतर तर गळतातच, नागपूरच्या दिव्या देशमुखनं २०२५ ला महिलांचा वर्ल्ड कप जिंकल्यावर चार-पाच नवीन आल्यात, बघू किती टिकतात. वॉशरूम सोसायटीचं आहे, किल्ली वॉचमनकडून मागावी लागते, लहान मुलींच्या आयांनी हे आधी विचारून घ्या.

खर्चाचं पण सांगते कारण कुणी सांगत नाही, क्लासची फी हा त्यातला सगळ्यात छोटा आकडा. खरा खर्च रेटिंग टुर्नामेंटचा, एंट्री फी, बाहेरगावी लॉज, जेवण, एका पालकाची रजा, आणि शाळा जर हजेरीवरून कटकट करणारी असेल तर मग विचारूच नका. पोराला नुसती गोडी लागावी एवढंच हवं असेल तर हॉलवाला क्लास मस्त आहे, दुसऱ्या टोकाला चॅम्पियनच करायचंय असं असेल तर तिथे वर्ष-दोन वर्षं पाया घालून घ्या आणि मग स्वतः ग्रँडमास्टर असलेला कोच शोधा. ॲप ठेवायचंच असेल तर पझलसाठी ठेवा, महिन्याचा प्लॅन मिळत असेल तरच, वर्षाचे पैसे एकदम भरू नका, परत मागायला गेलं की ती गोड बोलणारी ताई फोन उचलत नाही.

जूनमध्ये बॅच भरते, मेमध्येच जाऊन नाव घाला. गाडी आत लावू देत नाहीत, रिक्षानंच जा.